वाचकांचे प्रश्न : कॅन्ससच्या माळावर सायकलवरचा एक दिवस

गेल्या अंकातल्या माझ्या छोट्या टिपणावर पुष्कळ पत्रं आली. टिपण थोडक्यात असं होतं : वयाच्या ५९व्या वर्षी, बारा जणांच्या गटाबरोबर, कोलोरॅडोतल्या प्वेब्लोपासून कॅन्सस राज्याच्या पूर्व टोकापर्यंत मी सायकलनं गेले. सोबत ट्रक नव्हता, ज्याचं सामान त्याच्या सायकलवर. रस्ता 'ट्रान्सअमेरिका ट्रेल'चा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९७६ साली, तो खुला झाला. ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या ॲस्टोरियापासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनपर्यंत, सुमारे ६,८०० किलोमीटर. आम्ही त्यातला मधला तुकडा केला. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते. पहिला प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आहे, म्हणून त्याचं उत्तर लांबलं.

ताई, प्रेअरी म्हणजे नजर पोचेल तिथवर माळ, असं तुम्ही लिहिलंत. मग दिवसभर बघायचं काय? कंटाळा नाही आला? एखाद्या दिवसाचं सकाळपासून रात्रीपर्यंतचं सांगाल का? (नाशिक)

पाचव्या दिवसाचं सांगते. स्कॉट सिटी ते नेस सिटी, नव्वदेक किलोमीटर, ९६ नंबरचा रस्ता. वाटेत दुकान असलेलं गाव एकच, डायटन. त्याच्या आधी आणि नंतर पिण्याचं पाणीसुद्धा मिळत नाही, म्हणून प्रत्येकाजवळ चार लिटर पाणी.

पाचला उठलो. आदल्या दिवशी ट्रिब्यूनहून निघाल्यावर घड्याळ तासभर पुढे करावं लागलं होतं, कारण कॅन्ससच्या पश्चिम कडेचे चार जिल्हे वेगळ्या वेळेवर चालतात. अंगाला ते चारच वाटत होते. आम्ही गावच्या बागेत तंबू ठोकले होते. या वाटेवरच्या कितीतरी गावांत सायकलवाल्यांना तशी मुभा असते. ओला तंबू तसाच गुंडाळला, ओटच्या लापशीत शेंगदाण्याचं लोणी कालवून खाल्लं आणि सव्वासहाला, सूर्य वर यायच्या बेतात असताना, बाहेर पडलो. इतक्या लवकर निघायचं ते दोन गोष्टींना चुकवायला : ऊन आणि वारा. वारा दहानंतर उठतो आणि मग संध्याकाळपर्यंत बसत नाही.

आता बघायचं काय, ते. एक तर तो प्रदेश सपाट नाही, कलता आहे. स्कॉट सिटी समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, नेस सिटी सातशेच्याही खाली. डोळ्यांना हा उतार कळत नाही, पायांना कळतो. मधूनमधून लांबलचक चढही लागतात, इतके मंद की वाटतं आपलीच ताकद संपली. दर मैलाला एक मातीचा रस्ता काटकोनात येऊन मिळतो, कारण सगळी जमीन सरकारी मोजणीत चौरस मैलांत कापलेली. मी ते फाटे मोजत होते. आमच्या गटातल्या नेदरलँड्सच्या निवृत्त गृहस्थांनाही तोच नाद होता.

जून संपत आला होता, गव्हाची सुगी. टेक्सासपासून उत्तरेकडे पीक पिकत जाईल तसतशी हार्वेस्टरवाल्यांची टोळकी सरकत जातात. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तशीच, फक्त इथे माणसं कमी आणि यंत्रं घराएवढी. अर्धा रस्ता अडवणारं असं यंत्र समोरून आलं की आम्ही सरळ गवतात उतरून उभे राहायचो. कापलेल्या गव्हाचा वास आणि धूळ, आणि त्यावर मध्येच गुरांच्या आवारांचा उग्र दर्प. हजारो गुरं एकेका आवारात पुष्ट करायला ठेवलेली असतात. त्यांना लागणारा मका पिकतो तो जमिनीखालच्या ओगलाला जलस्तराच्या पाण्यावर. एका टोकाला खुंटा मारून लांब नळ गोल फिरवतात, त्यामुळे शेतंही गोल. ते पाणी पाऊस भरून काढतो त्याच्या कितीतरी पट वेगानं उपसलं जातं आहे. काही शेतांत नळ नुसतेच उभे दिसले. माझी सगळी नोकरी माण तालुक्यात झाली. बोअर आटलेलं शेत कसं दिसतं ते मला कुणी सांगावं लागत नाही.

कुंपणाच्या खांबांवर मेडोलार्क पक्षी बसलेला असतो. पिवळी छाती, तीवर काळा गोफ. त्याची शीळ वाऱ्यातूनही ऐकू येते. रस्त्यावर पिवळ्या रेघांच्या कवचाचं कासव भेटलं. त्याला उचलून रस्त्याच्या पलीकडे ठेवायचं, पण ते ज्या बाजूला निघालं होतं त्याच बाजूला, नाहीतर पुन्हा रस्त्यात येतं. हे मला गटातल्या मिनेसोटाच्या दोघी बहिणींनी शिकवलं. आणि समोरून येणारा प्रत्येक शेतकरी स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलतो. तो त्यांचा रामराम. आम्हीही हँडलवरून एक बोट उचलायला शिकलो.

डायटनचं धान्याचं कोठार, त्याला तिथे एलिव्हेटर म्हणतात, पंधराएक किलोमीटरवरून दिसायला लागलं. पांढरं, खिडकी नसलेलं, उभंच्या उभं. तासभर ते जवळच येईना. प्रेअरीवरचं अंतर हे असं असतं : मुक्काम दिसत असतो आणि तुम्ही पोचत नसता. ज्यांना याचा त्रास होतो त्यांनी दुसरा प्रदेश निवडावा, हे मी मनापासून सांगते. मला त्रास झाला नाही. शिखर शिंगणापूरच्या देवळाकडे बघत मी आयुष्यभर असेच रस्ते तुडवले आहेत.

डायटनच्या पेट्रोल पंपावर कॉफी पिताना टेबलाशी बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पावसाचा : तुमच्याकडे किती पडतो? मी म्हटलं, माझ्या जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि मी जिथे शिकवलं तिथे, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, पाचशेच्या आसपास. त्यांनी ते इंचांत करून घेतलं. वीस इंच. "म्हणजे आमच्याइतकाच," एक जण म्हणाले, आणि मग अर्धा तास ज्वारीवर बोलणं झालं. ज्वारी तिथेही होते. गुरांना घालतात. भाकरी करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ती हातावर थापतात हे मी अभिनय करून दाखवलं.

दुपारी अडीचला नेस सिटीत पोचलो तेव्हा पारा अडतीसवर होता. पोहण्याच्या तलावावर आंघोळ, बागेत तंबू. स्वयंपाकाची पाळी माझी आणि त्या डच गृहस्थांची होती. डेन्व्हरहून मुलीनं दिलेलं एक किलो बेसन मी चार दिवस वागवत होते. बारा जणांचं पिठलं-भात केलं. कांदा त्यांनी चिरला, गुठळ्या मी मोडल्या. पातेलं पुसून निघालं. नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळला.

अमेरिकेत वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून पूर्वेकडे जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो, असं वाचलं होतं. तरी तुम्ही वाऱ्यानं बेजार झालो म्हणता, ते कसं? (ठाणे)

हा समज घेऊनच मीही गेले होते. उन्हाळ्यात कॅन्ससमध्ये वारा बहुतेक दक्षिणेकडून येतो. पूर्वेला जा की पश्चिमेला, तो आडवाच लागतो.

आणि आडवा वारा म्हणजे ना फायदा ना तोटा, असं समजू नका. विज्ञानाची शिक्षिका आहे, तेव्हा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. तुमचा वेग ताशी २० किलोमीटर आणि बरोबर बाजूनं येणारा वारा ताशी ३० धरा. दोन्ही मिळून अंगावर तिरका येणारा वारा ३६चा होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानुसार वाढतो. त्यातला तुम्हाला मागे ढकलणारा भाग काढला, तर तो वारा नसतानाच्या सुमारे १.८ पट येतो. हिशेब ढोबळ आहे, पण मांड्यांना तो पटतो.

समोरचा वारा असला की एकामागे एक लागून, पुढच्याच्या आडोशानं जायचं हे सगळ्यांना माहीत असतं. आडव्या वाऱ्यात आडोसा थेट मागे नसतो, तिरका मागे असतो. शर्यतीत म्हणूनच सायकलस्वार रस्ताभर तिरकी रांग धरतात. आमची अडचण अशी की तिकडे वाहनं उजवीकडून चालतात आणि पूर्वेला जाताना दक्षिणेचा वारा उजवीकडूनच येतो. म्हणजे आडोसा मिळणार डावीकडे, रस्त्याच्या मध्याकडे, जिथून गुरांचे ट्रक जातात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना तोच आडोसा साइडपट्टीच्या बाजूला मिळतो. दिशा निवडताना याचा विचार कुणी करत नाही, तो करावा. आम्ही तीन-तिघांचे गट केले, वीतभर तिरके राहिलो, आणि सर्वांत मागच्यानं आरशात बघून "कार बॅक!" ओरडलं की एका रेषेत सरळ व्हायचो. ती हाळी प्रत्येकानं पुढे द्यायची. वाऱ्यात मागचा आवाज दोन सायकलींपलीकडे जात नाही.

मी ५६ वर्षांची आहे. रोज पंचवीस किलोमीटर चालवते, पण गटात मागे पडेन आणि सगळ्यांना माझ्यामुळे थांबावं लागेल ही भीती वाटते. (सांगली)

ही भीती मलाही होती, आणि त्या भीतीनंच मी पडले. तुम्ही पडू नये म्हणून सविस्तर लिहिते.

डायटनच्या अलीकडे मी माझ्याहून वेगवान दोघांच्या मागे चिकटले होते. सुटायचं नव्हतं, म्हणून माझं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाला बाजूनं वीतभर ओलांडून गेलं होतं. रस्त्याच्या दक्षिणेला झाडांची जुनी रांग होती. १९३०च्या दशकात नांगरलेल्या मातीची धूळवादळं उठली, तेव्हा सरकारनं प्रेअरीच्या राज्यांत वारा अडवायला अशा रांगा लावल्या. त्या रांगेच्या आडोशात सगळं शांत होतं. रांग संपली आणि वाऱ्याचा लोट एकदम अंगावर आला. समोरचा अर्धा फूट सरकला, चाकाला चाक घासलं आणि मी आडवी. नशिबानं उजवीकडे, गवतात. कोपर सोललं, हँडल वाकडं झालं. मागून त्या वेळी ट्रक आला नाही, इतकंच.

आमची गटप्रमुख तीस वर्षांचीही नव्हती. तिनं जखम धुतली, हँडल सरळ केलं आणि विचारलं, "तुम्हाला त्यांच्याबरोबर राहायला कुणी सांगितलं होतं?" कुणीच नव्हतं. आमचा नियम साधा होता. सकाळी नकाशावर थांबे ठरतात, सगळ्यांना ते माहीत असतात. जो तो आपल्या गतीनं जातो. रोज पाळीनं एक जण सर्वांत शेवटी राहतो, आणि त्याच्या मागे कुणी नसतं. दिवसाच्या शेवटी तो पोचला की गट पोचला. आळंदीची पालखी लोणंदला येते तेव्हा दिंड्यांमधली म्हातारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. ती कुणाला थांबवत नाहीत. पहाटे सगळ्यांच्या आधी निघतात. दुसऱ्या दिवसापासून मीही गटाच्या अर्धा तास आधी निघू लागले, एका मिनेसोटावाल्या बहिणीला सोबत घेऊन, आणि मग कधी त्रास झाला नाही.

तुम्ही जा. जाण्याआधी दोन महिने आठवड्यातून एकदा साठ-सत्तर किलोमीटर करा, आणि लागोपाठ दोन दिवस करा. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी सीटवर बसताना होते. आणि गट निवडताना एकच विचारा : शेवटी कोण असतं?

शाकाहारी माणसाचं काय होतं? (लातूर)

निभतं. राजमा आणि चण्याचे डबे, टॉर्टिया, अंडी चालत असतील तर अंडी, केळी, शेंगदाण्याचं लोणी. त्या भागात मेक्सिकोहून आलेली कुटुंबं बरीच आहेत, त्यांच्या खानावळीत भात-राजमा मिळतो. राजम्यात चरबी घातली आहे का, तेवढं विचारून घ्या. मीठ-साखर-लिंबाचं पाणी दर तासाला, तहान लागो न लागो.

पंक्चर किती झाली? (बारामती)

माझी चार, गटाची मोजता येणार नाहीत. आणि कारण ऐकून तुम्हाला घरच्यासारखं वाटेल : सराटा. आपल्या माळावर अनवाणी पायात रुततो तोच गोखरू, पिवळ्या फुलाचा, जमिनीला चिकटून पसरणारा. तो तिथला मूळचा नव्हे, बाहेरून आला आणि रुजला. सायकल कधीही साइडपट्टीवरून खाली गवतात ढकलू नका, उचलून ठेवा. टायर उपडा करून आतून बोट फिरवा, पण अलगद. काटा आत राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते.

उघड्या माळावर वीज-वादळ आलं तर काय करता? (चंद्रपूर)

आधी हे मनात पक्कं धरा की उघड्यावर विजेपासून सुरक्षित जागा नसते. झाडाखाली नाही, पत्र्याच्या आडोशाला नाही, खाली बसूनही नाही. पक्की इमारत किंवा बंद गाडी, एवढंच. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर आत जायची वेळ झालेली असते, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. म्हणून वादळ टाळण्याचा खरा उपाय म्हणजे लवकर पोचणं. तिथली वादळं बहुधा दुपार टळल्यावर उठतात.

त्याच रात्री नेस सिटीत पश्चिमेला ढगांची भिंत उभी राहिली. वरून ऐरणीसारखी पसरलेली, आतून सारखी पेटणारी. आवाज अजिबात नाही, इतकी ती लांब होती. गावचा पोलीस गाडी घेऊन बागेत आला, आम्ही किती जण ते मोजलं, आणि भोंगा वाजला तर कुठल्या इमारतीच्या तळघरात यायचं, दार कुठल्या बाजूला आहे, हे प्रत्येकाकडून वदवून घेतलं. आम्ही चपला तंबूच्या दाराशी, विजेरी उशाशी ठेवून झोपलो. भोंगा वाजला नाही. पाऊस झाला आणि तंबू पुन्हा ओले.

बाई, मी दहावीत आहे. तुम्ही लिहिलंत की वाटेत कार्व्हरचं शेत लागलं. तिथे आता काय आहे? त्याचं घर आहे का? (दहिवडी)

तुझं पत्र शेवटी ठेवलं, कारण तू माझ्याच शाळेच्या गावची आहेस, आणि या प्रश्नासाठीच मी तो रस्ता निवडला होता.

घर नाही. डायटन आणि नेस सिटीच्या मधे बीलर नावाची वस्ती आहे. तिथे रस्त्याकडेला एक माहितीफलक आहे, आणि जमीन तिथून दक्षिणेला. पुढे शेतीशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८८६ साली तिथे आला तेव्हा विशीतला होता. गुलामीत जन्मलेला. त्याआधी कॅन्ससमधल्याच एका कॉलेजानं पत्रानं प्रवेश दिला होता, आणि तो दारात उभा राहिल्यावर काळा आहे म्हणून नाकारला. मग तो इथे, सरकार १६० एकर जमीन देत होतं तिथे आला. लाकूड नाही, म्हणून गवताच्या मुळ्यांनी घट्ट धरलेली माती विटांसारखी कापून त्यानं घर बांधलं. सतरा एकर जमीन हातानं कसली. मका लावला, भाज्या लावल्या, फळझाडं लावली. त्या उघड्या माळावर त्यानं रोपं जोपासायला एक छोटी जागाही केली होती आणि अभ्यासासाठी तऱ्हेतऱ्हेचे दगड गोळा केले होते. १८८८च्या जानेवारीतलं भयंकर हिमवादळ त्यानं तिथेच काढलं.

शेंगदाण्याचं लोणी त्यानं शोधलं असं पुष्कळ लोक सांगतात. आमच्या गटातही तसंच बोलणं निघालं. ते खरं नाही. त्यानं भुईमुगाचे शेकडो उपयोग दाखवले, आणि कापसानं थकलेल्या जमिनीत भुईमूग पेरायला लावला, तो नंतर, अलाबामातल्या टस्किगीच्या संस्थेत शिकवायला गेल्यावर. बीलरला तो होता तेव्हा यातलं काहीच झालं नव्हतं.

मी फलक मोठ्यानं वाचला. गटातल्या अमेरिकन मंडळींना त्याचं नाव माहीत होतं, इथे राहिल्याचं माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, तुला कसं ठाऊक? मी सांगितलं की महाराष्ट्रात हा माणूस घराघरांत वाचला जातो, आणि मी एकतीस वर्षं दर जूनमध्ये नव्या वर्गाला त्याची गोष्ट सांगितली आहे. गटप्रमुखानं नियमाप्रमाणे दहा मिनिटांचा थांबा दिला होता. मग कुणीच घड्याळ बघितलं नाही. डच गृहस्थांनी आपलं पाणी माझ्या बाटलीत ओतलं, कारण माझं संपलं होतं आणि मी बोलायची थांबत नव्हते.

तिथे उभी असताना वारा इतका होता की सायकल धरून ठेवावी लागत होती. रस्त्यावरून दिसत होतं ते इतकंच : कापलेला गहू, कुंपण, आणि त्यापलीकडे आभाळ.

१८८८ साली त्यानं नेस सिटीतल्या बँकेतून ३०० डॉलर कर्ज काढलं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो निघाला. दोन वर्षांनी आयोवातल्या सिम्पसन कॉलेजनं त्याला घेतलं. आम्ही पुढे नेस सिटीत पोचलो, तिथे बँकेची एक चार मजली इमारत आहे, पिवळसर चुनखडीच्या दगडाची. माळावरचं गगनचुंबी म्हणून गावकरी ती अभिमानानं दाखवतात. तो गेला त्याच साली तिचं बांधकाम सुरू झालं आणि १८९०ला पुरं झालं. बीलर ते नेस सिटी आम्हाला, आडव्या वाऱ्यात, पावणेदोन तास लागले. कर्ज काढायला त्यालाही हेच अंतर काटावं लागलं असणार.

फलकाजवळची चिमूटभर माती मी रुमालात बांधली होती. परत येताना विमानतळावर ती काढून टाकावी लागली, दुसऱ्या देशातली माती आणता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. फलकाचा फोटो आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत लावायला पाठवते आहे. तुझ्या बाईंना विचार, पोचला का ते.